राजूरला पळत गेलेला रेसर

मंडळी, दुपारपासून जालन्यात दवाखान्याच्या बाकड्यावर बसून आहे. आत माझा पुतण्या सचिन आहे. मोटोक्रॉस रेसर, म्हणजे मातीच्या ढिगाऱ्यांवरून गाडी उडवणारा. पण तो गाडीवरून पडला नाही, पळताना पडला.

"गाडीला इंजिन असताना तू कशाला पळतो रे?" असं मी त्याला नेहमी चिडवायचो.

"काका, पहिले लोक गाडीवर मेहनत घेऊन जिंकायचे. आता सगळ्यांच्या गाड्या बराबर. शेवटच्या फेरीत ज्याचा दम टिकतो, ज्याचे हात सुन्न होत न्हाईत, तोच जिंकतो."

पुढच्या आठवड्यात मोठ्या टीमची निवड आहे. कोच म्हणाला, वजन उतरव. वहिनी म्हणाल्या, चतुर्थी निर्जळी धर, राजूरचा गणपती पावेल. पोरगं दोघांचंही ऐकणारं. लोक पंचवीस किलोमीटर राजूरला चालत जातात, हा आज भर उन्हात पळत गेला. पाण्याचा घोट न घेता पळतच परत निघाला आणि रस्त्यात कोसळला.

डॉक्टर म्हणाले, "पाण्याविना पळून स्नायू फुटलेत, त्यातली घाण किडनीत अडकलीय. रेसचं नंतर बघू, आधी किडनी वाचू द्या."

वहिनी भिंतीला टेकून एकच बोलून राह्यल्या, "एक घोट घेतला असता तर देव कोपला नसता."

आत्ताच कोचचा फोन आला. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बरं, वजन किती भरलं?"

मी म्हणालो, "सलाईन लावलंय. वाढून राह्यलंय."

तुम्ही काय सांगितलं असतं?