रेणापूरच्या ओट्यावरची मात

परवा फोनमधल्या बुद्धिबळाला मी माझा एक जुना डाव खेळून दाखवला. चार खेळ्यांचा डाव, त्यात विसरायला आहे काय! फोननं निकाल दिला: काळ्याची सुरुवात कमकुवत. कडेची प्यादी उगाच हलवली, राजा उघडा ठेवला. पांढऱ्याचं सगळं बरोबर. असा राग आला म्हणून सांगू! मेल्या, काळं कोण खेळत होतं ते तुला काय ठाऊक?

काळं माझे सासरे खेळत होते. मी त्यांना मामा म्हणायचे. नांदेडहून लग्न होऊन मी रेणापूरला आले, त्याला वर्षही झालं नव्हतं. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि पावसानं दडी मारली होती. टँकर येईपर्यंत घागरी रांगेत आणि माणसं आमच्या ओट्यावर. ‘जिल्हा आला, आता पाणी बी येईल,’ असं कुणी म्हटलं की सगळे हसायचे. सुनेनं सासऱ्यासमोर तोंड उघडायची त्या घरात रीत नव्हती. पण मी कॉलेजात बुद्धिबळ खेळायचे हे कळल्यावर मामांनी स्वतःच हाक मारली, ‘ये पोरी, बस. पट मांडलाय.’ सासूबाईंनी कपाळाला हात लावला. मला मात्र त्या घरात बोलायला माणूस मिळालं.

मामा देशी खेळायचे. प्यादं एकच घर चालायचं, राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता यायची. आधी प्रत्येक मोहऱ्याला दुसऱ्याचा जोर लावून ठेवायचा, घाई नाही. आणि आमच्या ओट्याची एक रीत होती. मात करायच्या आधी समोरच्याला आवाज द्यायचा, ‘राजा सांभाळा होऽ!’ तरी नाही सांभाळला, तर त्याचं नशीब. मामा तो आवाज असा लांबवायचे की रांगेतल्या बायासुद्धा हसायच्या. मला ती त्यांची थट्टाच वाटायची.

नव्या जिल्ह्याची पहिली स्पर्धा लातूरला ठरली. मामांनी गावभर सांगून टाकलं, ‘मी जाणार हाय.’ तिथले नियम वेगळे, म्हणून मला म्हणाले, ‘तुझ्या कॉलेजच्या रीतीनं एक डाव होऊन जाऊ दे.’ मी सगळं नीट समजावलं. प्यादं पहिल्यांदा दोन घरं जाऊ शकतं, राजाला उडी नाही. ते मान डोलावत ‘हाव, हाव’ करत राहिले.

मी राजापुढचं प्यादं दोन घरं टाकलं. त्यांनी कडेचं प्यादं एकच घर सरकवलं, हाताची सवय. मी उंट काढला. त्यांनी दुसऱ्या कडेचं प्यादं एक घर. मी वजीर काढला, त्यांच्या राजाशेजारच्या प्याद्यावर रोखून. ओटा माणसांनी भरला होता. मामांनी माझ्याकडे पाहिलं, जरा थांबले आणि निवांत तिसरं प्यादं हलवलं. मी उंटाच्या जोरावर वजिरानं राजाशेजारचं प्यादं मारलं. शह आणि मात!

‘अगं बाई, चार खेळ्यांत!’ कुणीतरी ओरडलं. तेवढ्यात टँकर आला आणि सगळे घागरींकडे पळाले. मामा पटाकडे बघत बसले. ‘शाबास,’ म्हणाले. मग हळूच, ‘लातूरचं ऱ्हाऊ दे आता.’

रागावले नव्हते ते. चहा मागायचे, नांदेडची खुशाली विचारायचे. पण पट काही परत मांडला नाही. मीही मांडा म्हटलं नाही. सून कुठल्या तोंडानं म्हणणार? जीव मात्र तळमळायचा.

मामा गेल्यावर सासूबाईंनी सांगितलं. त्या डावाच्या दिवशी जेवताना ते म्हणाले होते, ‘पोरगी लई चांगली खेळती. मी तिच्या तोंडाकडं बघून राहिलो, आवाज देईल म्हणून. दिला न्हाई, तवा वाटलं, अजून धोका न्हाई.’

तेव्हापासून त्या डावात माझं जिंकणं मला दिसतच नाही. आता फोनवर तो पुन्हा मांडते आणि माझा वजीर निघाला की थांबते. तिथं अजून सगळं वाचतं. त्यांनी राजापुढचं प्यादं एकच घर पुढे केलं, तरी माझ्या उंटाची वाट अडते, मात नाही. सांगितलं असतं तर केलंच असतं त्यांनी. हरलेही असते पुढे, पण दुसऱ्या दिवशी ओट्यावर पट मांडला असता.

‘राजा सांभाळा, मामा,’ मी म्हणते. फोन थांबून राहतो. चाल काळ्याची आहे.