पगारी सुट्टीची हजेरी

मी सांगलीत हळदीच्या कारखान्यात कामाला आहे. हळद निवडायची, मोडकी कांडी बाजूला काढायची. आमचा हिशेब सरळ: आलं की हजेरी, नाही आलं की खाडा. अमावास्येला बाजार बंद, म्हणून कारखाना बंद, म्हणून त्या दिवसाचा पगारही नाही. यात न कळण्यासारखं काही नव्हतं.

गेल्या वर्षी नवा सुपरवायझर आला आणि सगळा घोळ झाला. जानेवारीत एका संध्याकाळी म्हणाला, "उद्या सव्वीस जानेवारी. सुट्टी. आणि सुट्टी पगारी आहे."

"म्हंजे यायचं का न्हाई?" मी विचारलं.

"यायचं नाही."

"मग खाडा?"

"खाडा नाही. पगार मिळणार."

"आन् काम?"

"काम नाही, काकी," म्हणून तो वैतागून निघून गेला. आमच्यात एक थोरली बाई आहे, तिला आम्ही सगळ्या मावशी म्हणतो. ती म्हणाली, "फुकटचं कोण देतंय गं? मागनं रविवारी राबवून घेत्याली. मी आपली येणार. हजर असलं म्हंजे कुणाला बोलायला जागा न्हाई." मावशी येणार म्हटल्यावर सगळ्याच येणार.

घरी माझा पोरगा होता. फौजेत आहे, रजेवर आलेला. रजाभर मी सकाळी कामावर आणि संध्याकाळी दमलेली, धड बोलणंसुद्धा झालं नव्हतं. सव्वीसलाच दुपारी मिरजेतून त्याची गाडी होती.

"उद्या तरी घरात ऱ्हा. दोघं मिळून जेवू," तो म्हणाला.

"खाडा पडंल रं."

"आगं, पगारी हाय म्हणतीस न्हवं? मी बी हितं बसलोय, माझा पगार चालूच हाय की."

"तू सरकारचा माणूस. माझं तसं हाय व्हय?"

खरं तर पगारी सुट्टी म्हणजे काय ते मला कळतच नव्हतं. तोंड दाखवून लगेच येते म्हणाले.

सकाळी फाटकाशी बघते तर सगळ्या हजर. मालकानं झेंडा लावला, आमच्या हातावर जिलबी ठेवली, "आता घरी जावा" म्हणाला आणि गाडीत बसून गेला. मावशी सुपरवायझरला म्हणाली, "हजेरी मांडा."

"सुट्टीच्या दिवशी हजेरी मांडत नसतात."

"हजेरी न्हाई तर पगार कशाचा?"

"सुट्टीचा."

"मग सुट्टीची मांडा की."

त्यानं डोकं खाजवलं. मालकाला फोन लावला, तो उचलेना. आम्ही फाटकाशीच बसलो. जी उठंल तिचा खाडा, असं मावशी म्हणाली. ती काही मालकीण नव्हती, तरी उठायचा धीर होईना. पोराचा फोन आला, "निघालीस का?" मी म्हणाले, निघाले. परत आला, परत तेच सांगितलं. एक मन म्हणे ऊठ, एक म्हणे एवढा वेळ बसलीस ते वाया जाईल. उठायला काय झालं होतं, देव जाणे.

शेवटी पोरगाच आला. मित्राच्या मोटारसायकलवर, पाठीला बॅग.

"जेवलास?" मी विचारलं.

"व्हय. तुझं झाकून ठेवलंय."

"एकटाच जेवलास?"

तो वाकून पाया पडला. मग कारखान्याच्या दाराला लावलेलं कुलूप बघितलं, रांगेनं बसलेल्या बायका बघितल्या. "आई, हितं काय करालीस?"

"बसलोय."

"कशाला?"

मित्र म्हणाला, गाडी चुकेल. ते दोघं मिरजेच्या रस्त्याला लागले आणि मला रडू फुटलं. रागही आला, पण कुणावर काढायचा ते कळेना. नंतर मालक परत आला, आम्हाला बघून कपाळावर हात मारला आणि सगळ्यांना घरी हाकललं.

पगाराला पैसे पुरे आले, खाडा नाही. रविवारीही कुणी राबवलं नाही. मावशी खूश होती. मी मात्र सुपरवायझरला गाठलं.

"ह्यात सव्वीस जानेवारीचं बी हाईत?"

"आहेत की, काकी."

"ते कशाचं?"

"घरी राहिल्याचे."

"मी घरी कुठं ऱ्हायले हुते?" मी म्हणाले.