न थांबणाऱ्या रक्तपेढीचे सर्व्हर आणि शैलजाताई

शैलजाताई मगदूम यांना मी प्रथम पाहिले तेव्हा त्या फरशीवर बसून बिघडलेला प्रिंटर उघडत होत्या. मी मुलाखतीला आलो आहे असे सांगितल्यावर त्यांनी माझ्या हातात बॅटरी दिली आणि आत नेमके काय अडकले असेल, असे विचारले. माझी मुलाखत तेवढीच झाली. रक्तपेढीच्या संगणक विभागाच्या त्या प्रमुख आहेत, हे मला नंतर कळले.

ही दोन हजार सालानंतरच्या वर्षांतली गोष्ट. मंगळवार पेठेतल्या आमच्या रक्तपेढीत चार सर्व्हर एकमेकांना जोडलेले होते. कोणत्या गटाच्या किती पिशव्या शिल्लक आहेत, हे त्यांवरून कळे. दवाखान्यांचे फोन घेणाऱ्या सावित्रीबाई पाटील पडद्यावर पाहून उत्तर देत. सर्व्हरवरचे सॉफ्टवेअर जुने झाले होते. रात्री चारही बंद करून सकाळपर्यंत नवे घालू, असे कंपनीच्या माणसाने सुचवले. ताईंनी शांतपणे विचारले, "रात्रीचं बायका बाळंत होत न्हाईत व्हय?"

आणखी दोन मार्ग होते. एकेक सर्व्हर बाजूला काढून बदलायचा आणि बाकीचे तीन चालू ठेवायचे. किंवा शेजारी नवा संच उभा करून, तो पारखून, मग काम तिकडे वळवायचे. दुसऱ्यासाठी जादा यंत्रे हवी होती, ती नव्हती. तरीही ताईंनी लगेच ठरवले नाही. तीन दिवस त्या सावित्रीबाईंच्या शेजारी खुर्ची टाकून बसल्या. फोन कधी येतात, पडदा अडला तर बाई काय करतात, हे सारे त्यांना पाहायचे होते. अखेर एकेक सर्व्हर बदलायचे ठरले, तेही भर दिवसा, सगळे जागेवर असताना. नव्या सॉफ्टवेअरची आधीची चाचणी माझ्याकडे होती.

पहिला सर्व्हर बदलला. दुसऱ्याला हात लावण्याआधी ताईंनी एक दिवस थांबायला सांगितले. त्याच दुपारी गगनबावड्याहून ओ निगेटिव्ह रक्तासाठी फोन आला. सावित्रीबाई पडद्याकडे पाहून थबकल्या आणि ताईंकडे वळल्या.

"मॅडम, सकाळी दोन पिशव्या मी सोता नोंदवल्यात की. हितं एकबी न्हाय."

नवे सॉफ्टवेअर निगेटिव्हची खूण वेगळ्या रीतीने लिहीत होते. जुन्या सर्व्हरना ती कळत नव्हती. ते त्या पिशव्या पॉझिटिव्हमध्ये मोजत होते. पिशवीवरच्या चिठ्ठीमुळे चुकीचे रक्त कोणाला गेले नसते, पण गरजूला 'नाही' असे उत्तर मात्र गेले असते. सावित्रीबाईंनी शीतकपाटातून दोन्ही पिशव्या काढल्या आणि फोनवर होकार दिला. संध्याकाळी रुग्ण सावरल्याचा निरोप आला.

मी चाचणीत फक्त पॉझिटिव्ह गट घेतले होते. व्यवस्थापनाच्या बैठकीत मी मान खाली घालून बसलो होतो. ताई म्हणाल्या, "पद्धत मी निवडली. जुनं आन् नवं एकमेकांशी काय बोलतंय, हे मी इचारायला पायजे हुतं." माझे नाव त्यांनी घेतलेच नाही. बाहेर आल्यावर मात्र निगेटिव्ह का सुटले, हे आठवून सांगायला लावले. त्यात राग नव्हता, खरोखरचे कुतूहल होते. ते गट क्वचित लागतात म्हणून मी ते सोडले होते. "क्वचित लागत्यात, म्हणूनच आधी बघायचं," एवढेच त्या बोलल्या.

पहिला सर्व्हर पूर्ववत केला. ताईंनी एका महाविद्यालयातून वापरात नसलेली दोन यंत्रे मागून आणली आणि नवा संच शेजारी उभा केला. आठवडाभर प्रत्येक नोंद दोन्हीकडे होत राहिली. उत्तरे जुळल्याचा शेरा सावित्रीबाईंनी द्यायचा, असा ताईंचा आग्रह होता. तो मिळाल्यावर एका सकाळी काम नव्या संचावर गेले. फोन येत राहिले, उत्तरे जात राहिली; काही बदलले आहे हे बाहेर कोणाला कळलेही नाही.

ताई आता साठीच्या झाल्या. आज मी स्वतः एक विभाग सांभाळतो. माझ्या हाताखालचा कोणी चुकला, तर तो दार लोटून आपणहून सांगायला येतो. ही रीत माझी नाही, ताईंची आहे. त्यांना दीर्घ आणि निरोगी आयुष्य लाभो, आणि न उलगडलेले काहीतरी रोज सकाळी त्यांची वाट पाहत असो.