टाळ थांबले तेव्हा

माझी लेक यमुना पहिल्या बाळंतपणाला माहेरी, कर्जतला आली होती. दिवस भरत आले आणि पोटातली हालचाल एकाएकी बंद पडली. सखू सुईण गावातली जाणती. तिनं पोटावरून हात फिरवला आणि मान खाली घातली. "बाय, आत जीव नाय राह्यला. मेलेलं तसंच ठेवलं तर पोरबी जाईल." पोट मोकळं करायचा काढा तिनं चुलीवर चढवला. मी विठोबाशी कडाकडा भांडले आणि ओटीवर भजनी मंडळी बसवून अखंड नाम धरलं. नाम तुटलं की लेक गेली, असं माझं मीच मनात बांधून घेतलं होतं.

तेवढ्यात शेजारचा धोंडू, रेल्वेतला गडी, एका डॉक्टरांना घेऊन आला. घाट चढायला गाडीला आणखी एक इंजिन जोडतात, तोवर ते फलाटावर उभे होते. धोंडूनं सरळ त्यांचे पायच धरले. परका पुरुष गर्भारशीच्या खोलीत! माझ्या कपाळाला आठ्या पडल्या. पण त्यांनी हात लावला नाही. वीतभर लाकडी नळी काढली, तिचं एक तोंड लुगड्यावरूनच पोटावर टेकवलं आणि दुसऱ्याला कान लावला. आतला बारीक आवाज न पांगता नळीतून थेट कानाशी येतो, म्हणाले. सखूला यमुनेची नाडी धरायला सांगितलं, प्रत्येक ठोक्याला बोट हलवायला सांगितलं. आईचा ठोका वेगळा काढता आला, तरच बाळाचा कळणार.

मग त्यांनी मान वर केली. "बाई, टाळ थांबवा. काही ऐकू येत नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. देवाचं नाव थांबवू? मग माझ्या हातात राहिलं काय? चुलीवर काढा उकळत होता, यमुना माझ्याकडेच बघत होती. मी ओटीवर गेले. "विठ्ठला, आता तुझं तू बघ रे बाबा," म्हणाले आणि हात जोडून मंडळींना थांबवलं.

अशी शांतता माझ्या घरात कधी नव्हती. डॉक्टर किती वेळ ऐकत होते, देव जाणे. त्यांनी नळी सखूच्या कानाला लावली. "आईच्या नाडीहून भरभर चाललंय, ऐका."

सखूचा चेहराच पालटला. "अगं बाय! जित्तं हाय गं, जित्तं हाय!" म्हणत ती उठली आणि काढा परसात ओतून आली. मी तिथंच ढसाढसा रडले. इंजिनाची शिटी झाली तसे डॉक्टर निघाले. त्यांचं नावही विचारायचं राहिलं.

मी देवाला हाका मारत होते, पण त्याला बोलायला उसंत देत नव्हते. त्यानं मात्र राग धरला नाही.

आता नात आजोळी आली की ओटीवर बसून टाळ बडवते, तोही बेताल. "पुरे गं बये!" म्हणून मी ओरडते. ती थांबली की तिला जवळ ओढते आणि छातीला कान लावते.