सुई-दोरा

पंचवटीतला एक फुलवाला रोज माझ्या ऑफिसातल्या गणपतीला हार देतो. दारू त्यानं स्वतःच सोडली. तलफ आली की ती जाईपर्यंत झेंडू ओवायचा. आता त्याच्या टपरीवर दारू सोडू पाहणारे चार-पाच जण मान खाली घालून ओवत बसतात. या पद्धतीला सगळे ‘सुई-दोरा’ म्हणतात.

कुणीतरी याच नावानं फी लावून व्यसनमुक्तीची शिबिरं काढली, तेव्हा मी फुलवाल्याला म्हणालो, "नावाचा ट्रेडमार्क घ्या. वकील मी आहेच."

"मंग हे नाव घ्यायला लोकांना माझी परवानगी?"

"धंद्यासाठी वापरलं तर लागेल."

"नको, साहेब. परवानगी मागायची म्हटली की पिणारा माणूस दारातूनच माघारी जातो."

हातचा पक्षकार गेल्याचा इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता. संध्याकाळी काळा कोट काढून मी रोजच्यासारखा टपरीवर बसलो आणि माझी सुई उचलली.