डोमाजींच्या डोळ्यांतला उजेड

चेरीतालच्या त्या गल्लीत नळावर कुजबुज होती, की डोमाजींनी नातीच्या डोळ्यांतला उजेड ओढून आपल्या डोळ्यांत भरून घेतला. शेजारची सत्यवती तर पदर तोंडाशी धरून सांगे, "बुढ़ऊ का मोतिया हटा, और छोरी को दिखना बंद. अब समझ लो!"

क्रम तसा जुळतही होता. कारखान्यातून रिटायर झालेल्या डोमाजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन शिबिरात झालं. पट्टी सुटली तेव्हा समोर बायको.

"गीता, तू इतकी म्हातारी केव्हा झाली वं?"

"तुमाले दिसत नव्हतं तेच बरं होतं," गीताबाई म्हणाल्या.

झालं, डोमाजींचं डॉक्टरपण सुरू! शिबिरातून मिळालेल्या थेंबांची अर्धी बाटली त्यांनी खिशात जपली. गल्लीत कुणाचा डोळा लाल झाला की, "बसा, वर पाहा." लाली उतरे, आणि डोमाजी मिशीत हसत. बाटली संपली की मेडिकलवाला रिकामी पाहून तशीच दुसरी देई, चिठ्ठीबिठ्ठी न विचारता.

दहावीतली नात पायल आधी डाव्या खांद्यानं चौकटीला धडकू लागली, तेव्हा सगळे हसले. मग पोळी वाढताना तिचा हात ताटाबाहेर जाऊ लागला. मग कुणी हसेना.

सिविल लाइंसच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी डोळे तपासले. "काचबिंदू आहे. डावा गेला, तो परत येत नाही. उजव्यातही दाब चढलाय. तो वाचवायचा तर खरं सांगा, डोळ्यांत काय टाकत होता?"

"काहीच नाही जी," सून एकता म्हणाली.

पायलनं उरलेल्या डोळ्यानं आजोबांकडे पाहिलं. "आबाजी, चलो न घरी."

पोरगी त्यांना वाचवून राहिली होती. नजर लागणं, उजेड ओढणं असल्या गोष्टींना जन्मभर हसलेले डोमाजी त्या घडीला मनात म्हणत होते, सत्यवतीचंच खरं निघो. गप्प बसले असते तर अब्रू राहिली असती, उजवा डोळा राहिला नसता. त्यांनी खिशात हात घातला आणि बाटली टेबलावर ठेवली.

"मामाजी," एवढंच एकता सासऱ्याला म्हणाली. मग पायलची खुर्ची तिनं त्यांच्यापासून ओढून आपल्या पलीकडे घेतली.

आता डोमाजी दारोदार फिरून, त्यांच्याच सांगण्यावरून घेतलेल्या तसल्या बाटल्या फेकून द्यायला मागतात. बाया देत नाहीत. उजेड ओढणाऱ्याला कोण दार उघडतं!

डोमाजींनी कुणाचा उजेड ओढला नव्हता. ऑपरेशननंतर थोडे दिवस टाकायची दवा त्यांनी पायलच्या खाजणाऱ्या डोळ्यांत दोन वर्षं टाकली, रोज सकाळी, एकता नळावर गेली की, पोरीचं डोकं मांडीवर घेऊन. त्या दवेनं दाब चढून तिचा डावा डोळा गेला.