कंपनी न झालेला इनास

इनास गेल्याचा फोन त्याच्या मुलीने, प्रीतीने केला, तेव्हा मी भुईगावच्या घरी केळींना पाणी सोडत होतो. "काका, पप्पा गेले," एवढंच ती म्हणाली. मी नळ बंद करायचा विसरलो... आळ्यातलं पाणी वाटेवर आलं. त्याला महिना उलटला. परवा चर्चमध्ये त्याच्यासाठी मिस्सा झाली. लिहायला बसलो आहे, पण हात चालत नाही.

आम्ही एका वर्गातले. मी शाळेच्या ग्रंथालयात नोकरी धरली, त्याने सातिवलीत गाळा घेऊन स्प्रिंगा बनवायला सुरुवात केली. रविवारी मिस्सा आटोपली की तो माझ्या ओट्यावर यायचा. सरकारने कंपन्यांचा कर उतरवल्यापासून त्याचा विषय एकच. "कंपनी आजारी पडत नाही, म्हातारी होत नाही, आणि कर माझ्यापेक्षा कमी दराने! का रे?" मी म्हणायचो, कर कमी झाला तर त्या नवे कारखाने काढतील, माणसं लावतील. "माझ्या समोरच्याने मशीन लावलं आणि माणसं काढली. त्याच्या ट्रकांनी खचलेला रस्ता कोण भरणार? तुझी पेन्शन?" मग माझ्या पुढ्यातलं केळं उचलून, "हा माझा कर," म्हणत सोलायचा. स्वतःचा कर मात्र सल्लागाराला शिव्या देत देत, पण वेळेवर भरायचा.

प्रीती गाळा बघू लागली आणि प्रायव्हेट लिमिटेड करू या म्हणून मागे लागली. एका रविवारी माझ्यासमोरच दोघांची जुंपली.

"पप्पा, नफा घरी आणला तर त्यावर परत कर आहेच. पण धंद्यात ठेवून नवं मशीन घेतलं, तर कमी कर लागू दे ना. आणि उद्या तुम्हाला काही झालं तर?"

"तू आहेस की."

"कायद्याला मी दिसत नाही, पप्पा."

"ज्या सवलतीला दर रविवारी शिव्या घालतो, तीच खिशात घालू? हा हसेल मला." हा म्हणजे मी. मी हसलो नसतो.

प्रीतीचं म्हणणं खरं ठरलं. धंदा त्याच्या एकट्याच्या नावावर होता, म्हणून त्याच्याबरोबर तोही संपला. बँकेतलं खातं थांबलं, जीएसटीची नोंदणी गेली, नवी दाखवल्याशिवाय ऑर्डर नाही असं गिऱ्हाइकाने कळवलं. कामगार रोज येऊन बंद शटरपाशी बसायचे. समोरच्या कंपनीचा मालक मागे वारला होता, त्या आठवड्यातही तिथली मशीनं चालू होती. मी वाद घालायचो, तरी कराबद्दल इनासचं म्हणणं बरोबर होतं असं मला अजून वाटतं... पण त्याचा भार पडला तो प्रीतीवर आणि त्या शटरपाशी बसलेल्या माणसांवर. इतके रविवार बोलून हे आमच्या ध्यानात आलं नाही. आता वाद घालायलाही कोणी नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्राणही नाही.

गेल्या आठवड्यात प्रीतीची कंपनी झाली, गाळा उघडला. मी भेटायला गेलो. केबिनमध्ये इनासची खुर्ची तशीच होती, रेक्झिन फाटलेली, त्याच्या वजनाने एका अंगाला कललेली. प्रीती शेजारी स्टुलावर बसून सह्या करत होती.

"खुर्चीत बस की," मी म्हटलं.

"कागदोपत्री कंपनीची झाली ती, काका. आता कोणीही बसू शकतं," ती मान वर न करता म्हणाली. "तुम्ही बसा."

मी उभाच राहिलो.